पुतण्या म्हणतो आय ७ घे, काकूंना नक्की लागतं काय?

प्रश्न: ताई, वय ५९, मागच्या वर्षी रिटायर झाले. ऑफिसात कॉम्प्युटर होता पण त्यावर एकच सॉफ्टवेअर, तेवढ्यापुरती बोटं चालवली, बाकी आयुष्य मोबाइलवर. आता स्वतःचा पहिला लॅपटॉप घ्यायचाय. कामं म्हणजे मुलीशी व्हिडिओ कॉल, बिलं, ऑनलाइन फॉर्म, सिनेमे, मोबाइलमधले फोटो काढून ठेवणे, आणि माझ्या आईने लिहिलेल्या ७ वह्या आहेत त्या मराठीत टाइप करायच्यात. पुतण्या म्हणतो आय ७ आणि ग्राफिक कार्ड पाहिजेच. धाकटे दीर म्हणतात नवा कशाला, माझा जुना आय ७ पडूनच आहे तो घेऊन जा. दुकानात गेले तर तो म्हणे हा लेटेस्ट आहे मॅडम, आणि जीबी जीबी दोन ठिकाणी लिहिलेलं, कुठला जीबी बघायचा तेच कळेना. डोकं बधिर झालंय. नाव छापू नका, सगळे काकू म्हणतात, तुम्हीही म्हणा.

उत्तर: काकू, तुमच्या पत्रातली खरी कामाची ओळ तुम्ही शेवटी टाकलीत, ती वह्यांची. कॉल, बिलं, सिनेमे हे आजचा कुठलाही बऱ्यापैकी लॅपटॉप करतो, त्यासाठी घरात बैठका घ्यायची गरज नाही. पण ७ वह्या टाइप करणं म्हणजे रोज तासभर तरी, आणि तेही कित्येक महिने, तुम्ही त्या कीबोर्डवर बोटं चालवणार आणि त्या स्क्रीनकडे टक लावून बसणार. आणि गंमत बघा, पुतण्यापासून दुकानदारापर्यंत एकानेही स्क्रीन किंवा कीबोर्ड हा शब्द काढलेला नाही.

माझा हिशोब साधा आहे, जे नंतर बदलता येत नाही तिथे पैसे घालायचे आणि जे नंतर बदलता येतं किंवा बाहेरून जोडता येतं तिथे हात आखडता घ्यायचा. माउस आवडला नाही, दुसरा आणला. स्पीकर फुसके निघाले, हेडफोन लावला. जागा कमी पडली, बाहेरची ड्राइव्ह जोडली. पण स्क्रीन मळकट निघाली तर पुढची सहा-सात वर्षं तीच मळकट स्क्रीन, आणि कीबोर्ड बोटांना पटला नाही तर वह्या तिसऱ्याच पानावर राहतील, मी लिहून देते.

म्हणून स्क्रीनपासून सुरू करते. साइज इंचात सांगतात ती तिरकी मोजलेली असते, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. १४ इंच म्हणजे उचलून इकडेतिकडे न्यायला बरा, १५.६ इंच म्हणजे टेबलावर ठेवून वापरायला बरा, तुम्ही चष्मा लावत असाल आणि घरातच वापरणार असाल तर मी १५.६ कडे झुकेन. रेझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके किती ते, फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०, किंवा १९२० बाय १२००, यापेक्षा कमी घेऊ नका. १३६६ बाय ७६८ वाले अजूनही कुठेकुठे गळ्यात मारतात आणि त्यावर आपल्या अक्षरांचे काने-मात्रा-अनुस्वार इतके चिंबलेले दिसतात की ऱ्हस्व-दीर्घ बघायला मान पुढे न्यावी लागते. १९२० बाय १२०० वाली थोडी उंच असते, पानाच्या एक-दोन ओळी जास्त दिसतात, लिहिणाऱ्या माणसाला ते सुखाचं पडतं. पॅनल आयपीएस, म्हणजे कडेनेही रंग नीट दिसणारं, आहे का विचारा. उत्तर आलं नाही किंवा उत्तरावर विश्वास बसला नाही तर स्वतः बघा: स्क्रीनवर एखादा माणसाचा चेहरा उघडा आणि बाजूने, वरून, खालून बघा. स्वस्तातल्या टीएन पॅनलवर खालून बघितलं की चेहरा काळपट होतो, रंग उलटेपालटे होतात. मुलीच्या कॉलला तुम्ही दोघंतिघं शेजारी शेजारी बसणार ना, मग कडेला बसलेल्यालाही मुलगी नीट दिसली पाहिजे. ब्राइटनेस निट्समध्ये देतात, घरात २५० निट्सवर भागतं, खिडकीजवळ बसायची सवय असेल तर ३०० किंवा वर बघा. आणि शक्यतो मॅट स्क्रीन घ्या, चकचकीत स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसत राहतो.

कीबोर्डसाठी एकच परीक्षा आहे, दुकानात खुर्ची मागून घ्या, बसा आणि दहा मिनिटं टाइप करा. लाजू नका, चप्पल पण आपण घालूनच घेतो. बटणं दाबल्यावर बोटाला कळलं पाहिजे की दाबलं गेलं, मधे कीबोर्ड चटईसारखा खाली वाकतोय का तेही बघा. १५.६ इंचवाल्यात बरेचदा उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा असतो, हिशोब करणाऱ्यांना तो लाडका, पण त्यामुळे बाकीची बटणं डावीकडे सरकतात आणि आपण स्क्रीनच्या मधोमध न बसता जरा तिरके बसतो, रोज तासभर टाइप करणाऱ्याच्या मानेला ते जाणवतं. एक फालतू वाटेल अशी गोष्ट, पॉवरचं बटण डिलीटच्या अगदी शेजारी आहे का बघा, माझ्याकडून अशा मशीनवर खोडायच्या ऐवजी लॅपटॉपच झोपी गेलाय, आणि एकदा नाही. घरात दुसरं कोणी झोपलेलं असताना लिहायची सवय असेल तर बटणांखाली लाइट असलेला मिळतोय का बघा, नाही मिळाला तर त्यासाठी अडून राहू नका.

आता तुमचे दोन जीबी. एक जीबी रॅमचा आणि एक स्टोरेजचा. स्टोरेज म्हणजे कपाट, तिथे वस्तू कायमच्या ठेवायच्या. रॅम म्हणजे समोरचं टेबल, ज्यावर आत्ता काम चाललंय तेवढंच पसरायचं, लॅपटॉप बंद केला की टेबल साफ. ८ आणि ५१२ असं लिहिलं असेल तर ८ ही रॅम आणि ५१२ हे स्टोरेज, दोन्ही आकडे जीबीत असतील तर लहान आकडा रॅमचा. ४ जीबी रॅम कोणी कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नका. विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालतं, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडे, त्यात व्हिडिओ कॉल, की मशीन धापा टाकायला लागतं. ८ वर तुमचं काम होईल, १६ वर पुढची बरीच वर्षं निर्धास्त. आणि इथे माझा तो हिशोब परत येतो, आजकाल बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आतल्या मुख्य सर्किटवरच (मदरबोर्डवर) सोल्डर करून कायमची चिकटवलेली असते, नंतर वाढवायची सोयच नाही. तेव्हा विचारा, जास्तीची रॅम बसवायला रिकामा स्लॉट, म्हणजे खाच, आहे का? स्लॉट असेल तर ८ घ्या आणि गरज पडली तर वाढवा, नसेल तर आत्ताच १६ घ्या. चालू मशीन समोर असेल तर विंडोजमधलं टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, बऱ्याच मशीनवर तिथे किती स्लॉट आहेत आणि किती वापरलेत ते लिहिलेलं असतं. सोल्डरवाल्या मशीनवर तो आकडा कधीकधी फसवा असतो, म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन कंपनीच्या साइटवरही बघा.

स्टोरेजमध्ये जीबीपेक्षा जात महत्त्वाची. हवी ती एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारं, चिपवरचं स्टोरेज. जुनी फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, सगळ्यात साधी साटा एसएसडी ५०० च्या वर आणि हल्लीची एनव्हीएमई तर हजारांत जाते, पण नुसता हा आकडाही नाही, हार्ड डिस्कमध्ये सुई इकडून तिकडे फिरवत बारीक बारीक फायली शोधाव्या लागतात आणि विंडोज दिवसभर तेच करत असतं. लॅपटॉप स्लो झाला असं लोक म्हणतात तेव्हा बरेचदा प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो आणि डिस्कची वाट बघत असतो.

या बाबतीत मी स्वतः तोंडावर आपटलेय म्हणून जरा थांबून सांगते. काही वर्षांपूर्वी एक गोंडस, हलका, फारच परवडणारा लॅपटॉप घेतला, स्टोरेज ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे स्वस्त मशीनमधलं हळू चालणारं स्टोरेज. मला वाटलं मोबाइलमध्ये ६४ पुरतात, इथे का नाही पुरणार. ते ६४ प्रत्यक्षात दिसतात साठाच्याही आत, त्यातले निम्म्याहून जास्त विंडोजच खाऊन बसलं, आणि मग एक मोठा अपडेट आला त्याला जागाच नाही. माझे फोटो उडवले, गाणी उडवली, तरी तो म्हणतोय जागा करा. ईएमएमसी सोल्डर केलेली असते, बदलता येत नाही, शेवटी तो लॅपटॉप भाचीकडे खेळणं म्हणून गेला. तर ईएमएमसी नको आणि २५६ च्या खाली नको, ५१२ असेल तर उत्तम. फोनवरचा फोटो साधारण ३-४ एमबीचा धरला तर १० हजार फोटो ४० जीबीत बसतात, आणि वह्यांचं तर विचारूच नका, सातही वह्यांचा नुसता मजकूर तुमच्या एका-दोन फोटोंएवढी जागा घेईल. आणि हो, ५१२ लिहिलेलं असताना विंडोजमध्ये ४७६ दिसले तर फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच आहे ते.

प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. यावरच घरात सगळा वाद चाललाय आणि तुमच्यासाठी हाच सगळ्यात कमी महत्त्वाचा. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचे आय ३, आय ५, आय ७ ही इयत्ता नाही, एकाच वर्गातली तुकडी आहे, अ ब क सारखी. वर्ग कुठला ते पुढच्या आकड्यात असतं. आय ५ १२३५ यू मधले पहिले दोन आकडे म्हणजे १२ वी पिढी, आय ७ ५५०० यू मधला पहिला एकच आकडा म्हणजे ५ वी पिढी. तो ५५०० यू २०१५ चा, २ कोरवाला, म्हणजे काम करणारे हात दोनच, आणि १२ व्या पिढीचा आय ३ १२१५ यू त्याच्यापुढे ६ कोर घेऊन उभा आहे आणि त्याला आरामात मागे टाकतो. म्हणजे नुसतं आय ७ म्हणणं हे गाडी लाल आहे म्हणण्यासारखं झालं.

आता दीर. त्यांना दुखवू नका, पण त्यांच्या आय ७ च्या पुढचा आकडा बघा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण ८ व्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दिरांचा लॅपटॉप ८ व्याच्या आधीच्या पिढीचा असेल तर त्या मशीनवर बँकेचे पासवर्ड टाकत बसणं मला पटत नाही. ८ वी किंवा पुढची पिढी असेल, आत एसएसडी असेल किंवा बसवता येत असेल, तर मात्र फुकटात मिळणारी गोष्ट नाकारू नका, एसएसडी आणि नवी बॅटरी घातली की तो तुमचं सगळं काम करेल आणि वाचलेले पैसे एका मोठ्या मॉनिटरमध्ये घाला, खरंच सांगते. पिढी जुनीच निघाली आणि टाकून द्यायचा जीव होत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट नावाची फुकट सिस्टिम घालून तो नुसता टायपिंगला वापरता येतो, पण पहिलाच लॅपटॉप आणि वर लिनक्स, घरात कोणी शिकवणारं नसेल तर नको.

नवा घ्यायचा तर अलीकडच्या पिढीचा आय ३ किंवा एएमडी या दुसऱ्या कंपनीचा रायझन ३ पुरे, बजेटमध्ये बसला तर आय ५ किंवा रायझन ५. इंटेलने मधे नावं बदलली, सेलेरॉन-पेंटियम ही नावं लॅपटॉपमधून काढली आणि आता कोअर ३, कोअर ५, कोअर अल्ट्रा असं चालतं, त्यामुळे आय नाही दिसला म्हणून दचकू नका. इंटेलचेच एन १०० आणि त्याचे भाऊबंद स्वस्त मशीनमध्ये असतात, वह्या टाइप करायला पुरतील, पण कॉल चालू असताना बाकी काही करायला गेलात तर थांबून थांबून चालतील. एएमडीची अजून एक गंमत, रायझन ५ ७५२० यू आणि ७५३० यू शेजारी शेजारी ठेवले तर वाटतं दहाचाच फरक, पण पहिल्याचं डिझाइन २०१९ च्या झेन २ नावाचं, जुनं आणि ४ कोरचं, दुसऱ्याचं त्यानंतरचं झेन ३ आणि ६ कोर. त्या नंबरात तिसरा आकडा बघायचा असतो, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही. ग्राफिक कार्ड अजिबात नको. गेम आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांसाठी ते असतं, तुमच्याकडे ते फक्त वजन, पंख्याचा आवाज आणि बॅटरी खाणं एवढंच करेल. पुतण्याला बहुतेक सुट्टीत येऊन तुमच्याकडे गेम खेळायचाय.

विंडोज आत आहे ना हे बिल व्हायच्या आधी बघा, कारण वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरात डॉस किंवा फ्री डॉस (म्हणजे विंडोज नाही) लिहिलेले लॅपटॉप स्वस्त दिसतात आणि घरी आणल्यावर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं एवढंच दिसतं. विंडोज एस मोड नावाच्या मर्यादित प्रकारात असेल तर त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच ॲप घालता येतात, त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण एकदा बाहेर पडलं की परत जाता येत नाही, जायची गरजही पडत नाही. मॅकबुक एअर छान मशीन आहे, एम १ पासूनच्या एअरला पंखाच नाही, बॅटरी दिवसभर जाते, पण तुमच्या घरात अडल्यावर मदतीला येणारे सगळे विंडोजवाले दिसतात आणि पहिल्या वर्षी मदत हाकेच्या अंतरावर असणं फार मोलाचं. क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलची सिस्टिम असलेला लॅपटॉप, घ्यायचं मनात आलं तर त्या मॉडेलचे अपडेट कुठल्या वर्षापर्यंत येणार ती तारीख आधी बघा, प्रत्येक मॉडेलची ठरलेली असते.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस या लिहिण्या-हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं पण बघा, बरेचदा महिन्याभराची ट्रायल टाकून दिलेली असते आणि मग पैसे मागते. लिब्रेऑफिस फुकट आहे, वह्यांसाठी त्यातलं रायटर भरपूर झालं. अँटिव्हायरसचंही तसंच, ट्रायल संपली की घाबरवणारे मेसेज येतील, ते काढून टाका, विंडोजमध्ये डिफेंडर असतोच.

बॅटरीवर जाहिरातीत लिहिलेले तास सोडून द्या, वॉट-अवर बघा. ४२ वॉट-अवरची बॅटरी आणि साध्या कामाला सरासरी ७ वॉट धरले तर ६ तास, असा सरळ भागाकार आहे. तुम्ही बहुतेक चार्जर लावूनच बसणार, तर बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते ती चालू करा, लिथियमची बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. आणि गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, हवा आत घ्यायच्या फटी बरेचदा पोटाखाली असतात. चार्जिंग टाइप सीने होत असेल तर घ्यायला अजून एक कारण, चार्जर बिघडला तर तेवढ्या वॉटचा दुसऱ्या कंपनीचाही चालतो. कॅमेरा १०८० पी मिळाला तर मुलगी खूश, ७२० पी वरही कॉल होतो, खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, त्याने जास्त फरक पडतो.

आता मराठी टायपिंग, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप. यासाठी काहीही विकत घ्यायचं नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा, त्यात मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, इंग्रजी अक्षरांनी आवाजाबरहुकूम लिहिलं की देवनागरी उमटतं, आणि विंडोजचं बटण दाबून स्पेस दाबलं की मराठी-इंग्रजी बदलतं. इन्स्क्रिप्टही आहे, म्हणजे प्रत्येक बटणावर थेट देवनागरी अक्षर, शिकायला दोन-तीन आठवडे जातात पण नंतर हात जो पळतो तो फोनेटिकवर पळत नाही, सात वह्या असतील तर मी इन्स्क्रिप्टच शिकेन, पण ते तुमच्या मर्जीवर. कोणी जुने फॉन्ट टाकून देतो म्हणालं तर नको म्हणा, तसं टाइप केलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसता अक्षरांचा चिवडा दिसतो, युनिकोडच हवं, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखंच दिसणारं, विंडोजच्या कीबोर्डने तेच उमटतं. आणि हात दुखले की क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून व्हॉइस टायपिंगला मराठी निवडा आणि आईची वही मोठ्याने वाचा, नेट लागतं, विरामचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात, जुने शब्द आले की भलतंच काहीतरी लिहितं, पण पानाचं बरंचसं काम बोलून होतं.

लॅपटॉप घरी आला की पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागेल, ते स्वतःच्या नावाने करा, पुतण्याच्या नाही. नव्या मशीनवर विंडोज ११ बरेचदा डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा नंबर, त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते, उद्या काही बिघडलं आणि की मागितली तर पुतण्याला त्याचा तीन वर्षांपूर्वीचा पासवर्ड आठवेल असं मला तरी वाटत नाही. ईमेल आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, हो कागदावरच. परत करायची मुदत असते त्या दिवसांत तो भरपूर वापरून घ्या, बिजागरी करकरते का, एखादं बटण रुसतंय का, वायफाय मधेच सुटतं का, हे तेव्हाच कळतं.

आणि वह्यांचं टायपिंग सुरू करायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, शाई फिकी होत जाते. टाइप झालेलं आणि फोटो दोन्ही एका पेन ड्राइव्हवर दर आठवड्याला टाकत चला, एक कॉपी मुलीलाही ईमेलने पाठवा. तो पेन ड्राइव्ह फक्त लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका.